माळ मोकळा कधीच नव्हता

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढे निघाली की काटेवाडीत तिचे स्वागत दोन प्रकारे होते. परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि त्यानंतर धनगरांची मेंढरे पालखीभोवती धावत रिंगण धरतात. घोड्यांची रिंगणे पुढे बेलवाडीला, इंदापूरला होतातच. काटेवाडीचे नाव मात्र मेंढ्यांच्या रिंगणासाठी घेतले जाते. आजच्या काटेवाडीकडे पाहिले तर ही प्रथा जरा कोड्यात टाकते. हा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा. शेजारी भवानीनगरचा साखर कारखाना, नजर जाईल तिकडे ऊस. मेंढरांनी मनसोक्त चरावे अशी जमीन इथे शोधावी लागते. तरीही गावाने देवासमोर आपली ओळख म्हणून मेंढरू उभे केले आहे, उसाचे टिपरू नाही. ज्या अर्थव्यवस्थेतून ही प्रथा आली ती गवताची होती. त्या गवताचा कायद्याने राखलेला एक तुकडा बारामतीच्या वायव्येला सुप्याजवळ उरला आहे. मयूरेश्वर अभयारण्य हे त्याचे नाव, मोरगावच्या मयूरेश्वरावरून पडलेले. 1997 साली ते जाहीर झाले आणि क्षेत्रफळ अवघे 5.14 चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यासाठी राखलेल्या या माळाबद्दल लिहिताना बहुतेक जण सुरुवात 1997पासून करतात आणि त्याआधी इथे नुसती ओसाड जमीन होती असे गृहीत धरतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. भीमा-नीरेच्या मधला माळ जोवर कोणाच्या तरी कामाचा होता, गवताला कोणी वाली होता, तोवर तो टिकला. सरकारी दप्तराने त्याला निरुपयोगी ठरवले तेव्हापासून त्याची घसरण सुरू झाली. कुंपण घालून त्याला वाचवायचे असेल तर आधी हा इतिहास वाचावा लागेल.

सतराव्या शतकाच्या आरंभी हा सखल पट्टा निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सरहद्दीवर होता. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. सुप्याचा कारभार संभाजी मोहित्यांकडे होता आणि तो त्यांच्याकडून काढून घेणे हे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या हालचालींपैकी एक. सरहद्दीवर राहणे म्हणजे दर काही वर्षांनी कोणाची ना कोणाची फौज अंगावरून जाणे. त्यात पाऊस वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, आणि नदीकाठ सोडला तर जमीन उथळ व मुरमाड. 1630 ते 1632च्या दुष्काळाने सारे दख्खन उजाड केले तेव्हा हा भाग त्यातून सुटला नाही. अशा ठिकाणी शेतात उभे पीक ही सर्वांत असुरक्षित संपत्ती असते, कारण ते उचलून पळता येत नाही. जनावर हाकून नेता येते. मेंढपाळ आणि घोडेवाले इथे टिकले ते नांगर धरता येत नव्हता म्हणून नव्हे. या हवेत आणि या राजकारणात तोच व्यवहार शहाणपणाचा होता म्हणून.

घोड्यांचा विषय मुद्दाम काढला. मराठ्यांच्या फौजेचा कणा असलेली भीमथडी तट्टे याच भीमा-नीरेच्या खोऱ्यांत वाढली. आकाराने लहान, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर दिवस काढणारी. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्याला गवत म्हणजे दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची वस्तू. फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला बाहेर पडत. त्या चार महिन्यांत घोडी काय खाणार आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी काय साठणार, यावर मोहीम ठरे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागवत जपून वापरा, निष्काळजीपणाने गवताला आग लागू देऊ नका, रयतेच्या काडीला हात लावू नका, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या राजाला गवताच्या गंजीची काळजी करावी लागते याचे आपल्याला कौतुक वाटते. खरे तर त्या राज्यव्यवस्थेत ही अगदी रोजची काळजी होती. म्हणूनच कुरणे राखली जात. कुरण राखणे म्हणजे ठरलेल्या मुदतीत तिथे कोणाची गुरे जाऊ न देणे, गवत पिकून बी पडल्यावर ते कापणे आणि मगच जनावरे सोडणे. यात गोडगुलाबी काही नव्हते. गवत कापण्याचे काम पुष्कळदा वेठीने करून घेतले जाई आणि गावकऱ्यांना ती वेठ नकोशी असे. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. गवताची जमीन ही रिकामी जमीन असे त्या राज्यात कोणी मानत नव्हते. तिला मालक होता, राखणदार होता, तिच्यावरून तंटे होत. निरुपयोगी वस्तूवरून कोणी भांडत बसत नाही.

हे चित्र कुठे बदलले याचे ठिकाण जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते, आणि ते काटेवाडीच्या शेजारीच आहे. 1818 नंतर कंपनी सरकारने दख्खनच्या जमिनीची मोजणी करायचे ठरवले. 1828च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने ती सुरू केली. निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सरकारचे, हे त्याचे सूत्र पुस्तकात नेटके होते. मोजणी मात्र सदोष आणि आकारणी जबर. इंदापूर तालुक्यात रयत गावे सोडून निजामाच्या मुलखात जाऊ लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये इंदापुरातच नव्याने काम केले. जमिनीचे पोत पाहून प्रतवारी, सर्व्हे नंबर, हलका सारा आणि तो तीस वर्षांसाठी कायम. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. आपल्या सातबाऱ्याच्या कुळकथेत इंदापूरचे स्थान असे पहिल्या पानावरचे आहे. प्रशासनाच्या इतिहासात या दोघांची स्तुती होते आणि ती वाजवी आहे. प्रिंगलच्या तुलनेत त्यांनी रयतेवर उपकारच केले. माझी तक्रार त्यांच्या दरांबद्दल नाही, वहीच्या रकान्यांबद्दल आहे. नव्या दप्तरात जमीन एक तर लागवडीची, नाही तर पडीक. पडीक नंबरांवरची चराई दरवर्षी लिलावाने द्यायची. म्हणजे गवताला किंमत उरली, पण एका वर्षाची. ज्याने यंदा लिलाव घेतला त्याला पुढच्या वर्षी तिथे काय उगवते याच्याशी देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. घोडदळ गेले होते, कुरणाचा जुना मालक गेला होता, आणि नवा मालक ही जमीन नांगराखाली कधी येते याची वाट पाहत होता. सारा हलका, मुदत लांब. त्यामुळे ती आलीही. पुढच्या तीस वर्षांत पडीक नंबर झपाट्याने लागवडीला गेले आणि अहवालांतून त्याची नोंद प्रगती म्हणून झाली.

ती प्रगती किती पक्की होती ते लवकरच दिसले. तीस वर्षांची मुदत संपल्यावर 1860च्या दशकाच्या अखेरीस फेरआकारणी झाली आणि सारा चढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे वर गेलेला कापसाचा भाव तोवर खाली आला होता. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली, खतपत्रे जाळली, आणि दख्खनच्या दंग्यांना तिथून तोंड फुटले. सावकारी, दिवाणी कोर्टे, वाढीव सारा ही या दंग्यांची नेहमी दिली जाणारी कारणे खरीच आहेत. 1879चा शेतकरी साहाय्य कायदा त्यांच्याच पोटी आला. मला त्यात आणखी एक धागा दिसतो. मुरमाड माळ फोडून केलेले शेत दोन बऱ्या वर्षांत पिकते आणि तिसऱ्या वर्षी बियाणेही परत देत नाही. मेंढपाळाला वाईट साली वाट बदलता येते. नांगरटवाल्याला कर्ज काढावे लागते. जिथे गवत होते तिथे शेत आले, त्या शेतामागोमाग खतपत्र आले, असे मी म्हणतो तेव्हा हे अनुमान आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे, हे मान्य करतो. पण दंगा बागायती गावांत न पेटता नेमका सुप्यासारख्या कोरड्या टापूत पेटला, ही बाब या अनुमानाच्या बाजूची आहे.

पाठोपाठ 1876-77चा दुष्काळ आला. दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई झाली, भाटघरला धरण बांधले गेले, आणि 1885 मध्ये कालव्यातून पाणी वाहू लागले. इथून बारामती-इंदापूरचा मुलूख दोन झाला. कालव्याखालचा बागायती आणि उत्तरेकडचा जिरायती. माळेगाव, वालचंदनगर, भवानीनगर ही साखरेची केंद्रे एकीकडे. सुपे, मोरगाव, शिर्सुफळ दुसरीकडे. कालवा नको होता असे म्हणण्याचा करंटेपणा कोणी करू नये. ज्या भागातून माणसे परागंदा होत होती तिथे त्याने दोन पिढ्यांत शिक्षण, सहकार आणि राजकारण उभे केले. मात्र मेंढपाळीवर त्याचा जो परिणाम झाला तो फारसा कोणी लिहिलेला नाही. ज्वारी-बाजरीचे रान सुगीनंतर मोकळे होते. मग शेतकरी धनगराला बोलावतो, मेंढ्या रानात बसवतो, लेंडीखत मिळाल्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. उसाचे रान असे कधी मोकळे होत नाही. तोडीच्या दिवसांत वाढे मिळते, तेही पुष्कळदा मोल देऊन. त्यामुळे कालवा जसा वाढला तशी मेंढरे वर सरकली, उरलेल्या माळावर त्यांची गर्दी झाली, आणि त्या गर्दीला पुढे अतिचराई म्हटले गेले. 1980च्या सुमारास उजनीच्या जलाशयाने इंदापूरचा भीमाकाठही पाण्याखाली नेला. उरला तो उंचवट्यावरचा, कोणालाच नको असलेला माळ.

आणि तो वनखात्याकडे होता. 1878च्या वन कायद्यानंतर पडीक जमिनींचे मोठे तुकडे जंगल म्हणून राखीव झाले. तिथे झाड होते की नव्हते हा प्रश्न गौण होता. जंगल म्हटल्यावर झाडे हवीत, हा विचार मग आपोआप आला. 1972च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या काळात दुष्काळी तालुक्यांतल्या माळांवर खड्डे आणि चर खणले गेले, गिरिपुष्प, सुबाबूळ, निलगिरी लावली गेली. लोकांच्या हाताला काम मिळाले हे मोठेच. पण कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते सावलीत तग धरत नाहीत. चिंकारा शत्रूला लांबून पाहूनच वाचतो. धाविक आणि माळटिटवी उघड्यावर अंडी घालतात. त्यात वेडी बाभूळ आपसूक पसरली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात, त्यांत झुडपी माळाला आजही पडीकाच्याच वर्गात टाकले जाते. इंदापूरच्या वहीतला रकाना असा दोनशे वर्षे जवळ आली तरी जिवंत आहे.

अभयारण्याचा काळ या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. पूर्वेला, सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक असल्याचे बी. एस. कुलकर्णी या शिक्षकाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आणून दिले. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शहरे आली, साखर कारखाने आले. कागदावर एवढे मोठे संरक्षण दुसऱ्या कोणत्या पक्ष्याला मिळाले असेल! प्रत्यक्षात जमीन विकता येईना, रस्ता करता येईना, म्हणून माणसे माळढोकावरच चिडली. अखेर क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर पक्षी जवळपास गेलाच होता. याउलट कर्जत तालुक्यातले रेहेकुरी 1980 साली काळविटांसाठी राखले ते 2.17 चौरस किलोमीटरचे. मयूरेश्वर त्याच्या जातीचे, लहान आणि वनखात्याच्या ताब्यातले. लहान क्षेत्रे निभावली आणि अवाढव्य क्षेत्र फसले, यावरून काही जण लहान कुंपणच बरे असा निष्कर्ष काढतात. तो मला घाईचा वाटतो. माळढोक अभयारण्य फसले याचे कारण त्याचा आकार नव्हे. त्या 8,496 चौरस किलोमीटरमध्ये माळ वापरणाऱ्या माणसाला काय करायचे नाही एवढेच सांगितले गेले; त्याने काय करावे याचा विचारच नव्हता. आणि लहान क्षेत्रे निभावली ती भोवतालचा जिरायती माळ अजून पुरता संपला नव्हता म्हणून. 514 हेक्टरांत चिंकाऱ्यांचे कळप दिवस काढतील, पण लांडग्याचे कुटुंब एवढ्यात मावत नाही.

यावर एक आक्षेप पर्यावरणशास्त्राकडून येईल आणि तो वजनदार आहे. गवताळ माळ हा माणसाने जंगल तोडून केलेला नाही, तो फार जुना, नैसर्गिक अधिवास आहे. तुम्ही घोडी, मेंढरे आणि कुरणांचा इतिहास सांगून त्याला पुन्हा मानवनिर्मित ठरवता आहात. तसे ठरवणे हा माझा हेतू नाही. दख्खनच्या पर्जन्यछायेत गवत माणसाच्या आधीपासून आहे, हे मला पटते. पण गवत होते तेव्हा त्याला खाणारेही होते. काळवीट आणि चिंकारे विरळ होत गेले तशी ती जागा पाळीव जनावरांनी घेतली, आणि गवताचे खाणाऱ्याशी असलेले नाते चालू राहिले. माळ नैसर्गिक आहे आणि तो शतकानुशतके वापरातही आहे, या दोन विधानांत विसंगती नाही. विसंगती आहे ती माळाला प्राचीन म्हणायचे आणि त्याच्यावर जगणाऱ्यांना उपरे ठरवायचे, यात.

दुसरा आक्षेप साधा आहे. अतिचराईने गवत मरते, हे डोळ्यांना दिसते. मग मेंढरांची वकिली कशाला? दिसते ते खरे आहे. एकाच तुकड्यावर बाराही महिने तोंडे पडली तर आधी मारवेल जाते, मग पवन्या, आणि शेवटी जनावराच्या तोंडाला टोचणारी कुसळेच उरतात. पण बारमाही चराई ही इथली जुनी रीत नव्हे. कोरड्या मुलखातले धनगर पावसाळ्यात घरच्या माळावर असत. सुगी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे तांडे, घोड्यांवर बिऱ्हाड लादून पश्चिमेला निघत, कित्येक थेट घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरत. अर्धे वर्ष माळाला विसावा मिळे. ही ये-जा आता वाटांवरची शेते, महामार्ग आणि वाटेत संकट गुदरण्याचे भय यांनी आकसली आहे. शिवाय कुरणाची जुनी शिस्त, म्हणजे बी पडेपर्यंत तोंड न लावणे, ही चराईबंदीच होती, फक्त मुदतीची. आजच्या अडचणीचे मूळ जनावरांपेक्षा हे पंचांग मोडले यात अधिक आहे. कायमची बंदीही गवताला मानवतेच असे नाही. वर्षानुवर्षे न कापलेले, न चरलेले गवत वाळून दाटते, नव्या फुटव्याला जागा देत नाही आणि उन्हाळ्यात एका ठिणगीत पेटते.

लांडग्याचे उदाहरण हा युक्तिवाद आणखी पक्का करते. इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळावर आणि आसपास लांडगे आहेत, आणि दख्खनच्या लांडग्याच्या आहारात शेळ्या-मेंढ्यांचा वाटा मोठा आहे. धनगर त्याला शिव्या देतो, वाघूर लावून कळप राखतो, कुत्री पाळतो. पण लांडग्याने एखादे कोकरू नेणे हे त्याच्या हिशेबात पूर्वापार धरलेले असते. मेंढरे उठली तर लांडगा चिंकाऱ्यांवर सुखाने राहील ही कल्पना भाबडी आहे. तो कोंबड्यांच्या शेडांमागच्या उकिरड्यांकडे आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांकडे वळतो. पुणे परिसरात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झाला आहे, आणि कुत्र्यांकडून येणाऱ्या रोगांचा धोका वेगळाच. म्हणजे माळावरच्या सर्वांत मोठ्या शिकारी प्राण्याचे भवितव्य मेंढपाळीशी बांधलेले आहे, आपल्याला आवडो वा न आवडो.

2024 मध्ये पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. माळ पाहायला लोक पैसे मोजतात, हे पडीकाच्या रकान्याला दिलेले पहिले ठोस उत्तर म्हणता येईल. त्यातून गावाला उत्पन्न मिळते आणि सौर पॅनेल किंवा औद्योगिक भूखंडासाठी माळाकडे वळणारी नजर थोडी अडते. पण पाहुण्यांच्या गाड्या हा घोडदळाइतका किंवा कळपाइतका टिकाऊ ग्राहक नाही. एक दुष्काळी वर्ष, एक साथ, आणि तो यायचा थांबतो. गवताला गवत म्हणूनच गिऱ्हाईक हवे. भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली, आणि ही घोडी आज मुख्यतः धनगरांच्याच वाड्यांवर आहेत. जात राखायची तर त्यांच्या चाऱ्याची जमीनही धोरणात यावी लागेल. याला कायद्याची आडकाठी आहे असे सांगितले जाते, ते अर्धवट आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यानातली चराई बंद आहे, अभयारण्यातली नाही. तिथे कलम 33नुसार मुख्य वन्यजीव रक्षक ती नियंत्रित करू शकतो. पुढच्याच कलमात अभयारण्यातल्या आणि भोवतालच्या 5 किलोमीटरमधल्या पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे, जी चराईची शक्यता गृहीत धरल्याशिवाय लिहिली गेली नसती. 2006च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही मान्य केला आहे. मयूरेश्वरात आणि भोवतालच्या वनजमिनींवर कोणत्या तुकड्यात कोणत्या महिन्यात किती मेंढरे जातील, कोणता तुकडा बी पडेपर्यंत बंद राहील, कापलेल्या गवतावर कोणत्या गावाचा हक्क असेल, हे धनगरांचे वाडे, ग्रामसभा आणि वनविभाग यांनी दरवर्षी मृगाच्या आधी बसून ठरवायला नवा कायदा लागत नाही. राखीव कुरणांचे वेळापत्रक लागते, आणि तेवढे तरी या मुलखाला नवीन नाही.